बांधावरच्या बारा फ्रेम : वडगाव–येळ्ळूर शिवाराच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

मृग लागला. मंगल कार्यालयांच्या तारखा संपल्या. आता तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाच्या फोटोंचं काम जवळपास नाही. या मोकळ्या काळात बेळगावच्या वडगाव आणि येळ्ळूरच्या मधल्या शिवारातलं भाताचं एक पीक पेरणीपासून मळणीपर्यंत टिपायचं ठरवलं आहे. विषय ओळखीचा आहे. हिरवं शिवार आणि मागे राजहंसगड किल्ला हा फोटो बेळगावात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. म्हणूनच स्वतःला नियम घालून घेतोय.

लग्नात माझ्याकडे दोन कॅमेरे असतात. एकावर २४–७० मिमीची झूम लेन्स, दुसऱ्यावर ७०–२०० ची. अक्षता पडताना शटरवरचं बोट उठत नाही, आणि तिथे ते उठूही नये. पण वर्षानुवर्षं हेच केल्याने हाताला एक वळण पडलं आहे: आधी घेऊन टाकायचं, निवड घरी जाऊन करायची. म्हणजे बघण्याचं खरं काम संगणकासमोर बसल्यावर सुरू होतं. ते परत कॅमेऱ्याच्या जागी आणायचं आहे.

नियम असे. ३५ मिमीची एकच लेन्स. माझ्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, डीएसएलआरवर ती जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ५० सारखी दिसते. अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक) कायम एफ/८. एका फेरीत बारा फ्रेम. मागच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी. क्रॉप करायचं नाही. सगळं कृष्णधवल. आणि फ्रेममध्ये अक्षर नको, कुठल्याच लिपीतलं. या शेवटच्याबद्दल सावकाश लिहीन.

सगळेच नियम टिकतील असं धरलेलं नाही. प्रत्येकाला महिनाभर द्यायचा आणि जो काहीच देत नाही तो काढून टाकायचा.

१६ जून, रविवार

लेन्सचं गणित एकदा नीट बसून केलं. सेन्सरची रुंदी २३.५ मिमी, लेन्स ३५ मिमी. म्हणजे समोर जेवढं अंतर, त्याच्या दोन-तृतीयांश रुंदी फ्रेममध्ये मावते. तीन मीटरवर दोन मीटर, नऊ मीटरवर सहा. गच्चीवर खडूने रेघा मारून पावलांनी मोजून पाहिलं. मग शिवारात गेल्यावर कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळू लागलं, की कडेचं आंब्याचं झाड येणार, त्याच्या पलीकडची विहीर नाही येणार. झूम हातात असताना हे कधी शिकावं लागलं नाही. तिथे पाय जागेवर राहतात आणि मनगट फिरतं.

एफ/८ चंही तसंच. पावणेआठ मीटरच्या आसपास फोकस लावून ठेवला, की साधारण चार मीटरपासून गडापर्यंत सगळं स्वच्छ येतं. आजच्यासारखं दाट ढगाळ आभाळ असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) २०० ला १/१०० सेकंद बरोबर बसतो. शंभराव्यात काम करणारे हात किंचित हलतात, ते हलू देत. फोकस, अ‍ॅपर्चर, झूम हे तिन्ही निर्णय घरीच झाले. शेतात दोनच शिल्लक: उभं कुठे राहायचं आणि दाबायचं कधी.

ज्यांनी पावसाआधी कोरड्या मातीत कुरीने धूळवाफ पेरणी केली होती त्यांच्या वाफ्यांत कोंबांच्या ओळी दिसू लागल्यात. रोपं उपटून लावायची, लागणीची शेतं अजून तांबूस-काळी, उघडी. फोटो फारसे नाहीत.

२३ जून, रविवार

बारा हा आकडा हवेतून घेतलेला नाही. कोडॅकने १९०१ मध्ये काढलेल्या १२० फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनी फ्रेम घेतल्या, की रोलमध्ये बारा बसतात. रोलिफ्लेक्स कॅमेरावाल्यांचं आयुष्य या बारांत गेलं. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलिफ्लेक्स असायचा. दिल्लीतले समारंभ, पाहुण्यांचं येणं-जाणं, पुढाऱ्यांची भाषणं. पुन्हा न घडणाऱ्या गोष्टी, आणि बारा झाले की रोल बदलेपर्यंत कॅमेरा मुका. समारंभ एवढ्यात बसवणारी माणसं होऊन गेलेली आहेत, हे लग्नाचं काम करणाऱ्या मला फार मोठं वाटतं.

आज पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक फ्रेम संपल्या, आणि दिवसाचा खरा भाग त्यानंतर सुरू झाला. पॉवर टिलर चिखलणी करत होता. त्याच्यामागे बगळ्यांची रांग. प्रत्येक फेरीला तो बांधाजवळ वळायचा, बगळे उडायचे आणि परत बसायचे. फ्रेम मोजक्या राहिल्यामुळे मी ते वळण बराच वेळ नुसतं पाहत राहिलो. मग ध्यानात आलं, की बगळे टिलर वळताना उडत नाहीत. चालवणारा वळायच्या आधी एक पाय बांधावर टेकवतो, त्या पायाला ते उडतात. पुढच्या खेपेला टिलर सोडून मी त्या पायाकडे बघत होतो.

‘सेफ्टी’ची फ्रेम आपोआप गेली. एक आडवी, एक उभी, एक जरा जवळून, ही लग्नातली तिकडी बारांत परवडत नाही. दाबायच्या आधी आता एक प्रश्न येतो: हे माझ्याकडे आधीच आहे का?

७ जुलै, रविवार

रोप लागण जोरात आहे. आजच्या दिवसावर जास्त लिहितो, कारण मी न घातलेलं एक बंधन आज भेटलं आणि ते माझ्या सगळ्या नियमांपेक्षा मोठं निघालं.

चिखलणी केलेल्या वाफ्यात आपण पाय ठेवू शकत नाही. लावलेल्यात तर नाहीच नाही. उभं राहायला एकच जागा, बांध. तो दीड-दोन फूट रुंद, पावसाने निसरडा, आणि त्याची दिशा शेतमालकाच्या आजोबा-पणजोबांनी ठरवलेली. लेन्स मला रुंदी देते, बांध मला बाजू देतो. दोन पावलं डावीकडे सरकलो तर बरं होईल असं वाटलं तरी डावीकडे चिखल आहे. माझ्या हाती एवढंच, की कुठल्या बांधावर जाऊन थांबायचं.

मग बायकांचं काम कसं सरकतं ते नीट पाहावं लागलं. लागण करताना मागे-मागे जातात. लावलेलं समोर राहतं, मोकळा चिखल पाठीशी. समोरच्या बांधावर उभं राहिलं तर चेहरे दिसतात, पण ओळ दर मिनिटाला आपल्यापासून लांब जाते. मागच्या बांधावर उभं राहिलं तर पाठमोरी ओळ आपल्याकडे येत राहते. सगळे समोरच्या बांधावरून घेतात, चेहऱ्यांसाठी. मी मागचा धरला.

नऊ मीटरवर असताना पूर्ण ओळ फ्रेममध्ये होती. निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी, वाकलेल्या पाठी, मध्येच एकीच्या अंगावर जुनं घोंगडं. ओळ जवळ येत गेली तशा कडेच्या दोघी बाहेर पडल्या, मग आणखी दोघी. तीन मीटरवर दोनच पाठी उरल्या. मी हललो नव्हतो. फ्रेम त्यांच्या कामाच्या वेगाने बदलत होती. आणि दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी हातातली रोपं संपायची, ती कंबर धरून उभी राहायची, अर्धी वळायची आणि बांधावरच्या पोराकडे रोपांची मूठ मागायची. त्या अर्ध्या वळण्यात चेहरा असायचा, आणि तो फोटोसाठी केलेला चेहरा नसायचा. आजचा दिवस त्या वळण्याची वाट पाहण्यात गेला आणि मी त्यावर खूश आहे.

एका मावशींनी न राहवून विचारलं, “एवढा येळ उभा हाईस, फोटू काढूलैस की नुसतंच बघूलैस?”

म्हटलं, “बघतोय मावशी. शेवटचाच राहिलाय.”

“मग भात कापूस्तोवर पुरव तो.”

त्यांच्या हाताकडेही बघत राहिलो. एका चुडात दोन-तीन रोपं, चुडाचुडात वीतभर अंतर, दोरी न लावता ओळ सरळ. शेजारणीशी बोलणं मराठीतून, पूर्वेकडच्या गावांतून कामाला आलेल्या बायकांशी कन्नडमधून, आणि दोन्ही भाषांत बोलताना हात त्याच मापाने चाललेला.

१४ जुलै, रविवार

कृष्णधवलचा नियम आजपासून बंद.

महिनाभरातले फोटो छोट्या आकारात छापून भिंतीला लावले. लागणीच्या पाठी चांगल्या दिसतात, टिलरचा पाय चांगला दिसतो. पण शेताचे फोटो सगळे सारखे करडे. प्रत्यक्षात शिवारात सध्या हिरव्याचेच चार-पाच प्रकार एकमेकांना लागून आहेत. तरव्याचा, म्हणजे रोपवाटिकेचा, पोपटी. नुकत्या लावलेल्या रोपाचा फिका पिवळट, कारण उपटून लावलेलं रोप मूळ धरेपर्यंत आठवडाभर मलूल असतं. त्याच्या शेजारी दोन आठवड्यांपूर्वी लावलेला वाफा काळाभोर हिरवा. धूळवाफेचा आणखी निराळा. शेतकरी बांधावरून चालत जाताना हे रंग वाचतो. कुणाची लागण कधी झाली, कुठे युरिया पडला, कुठे पाणी साचलं, हे सगळं त्यात असतं. रंग काढला की या सगळ्यांचा उजळपणा जवळपास एकच होतो. हिरवा फिल्टर लावून थोडा फरक ओढता येतो, पण तो मी घातलेला फरक असतो, शेतातला नाही.

त्यामुळे नियम तपासायची माझी कसोटी आता स्पष्ट आहे. बारा फ्रेम माझ्या बोटाला अडवतात, एकच लेन्स माझ्या आळशी पायांना. कृष्णधवल मात्र मला काहीच अडवत नव्हता, उलट सोपं करत होता. रंगाचा गोंधळ आपोआप मिटायचा आणि फोटोला एक आयतं गांभीर्य यायचं. अडवणूक होत होती ती शेताची. ज्या भाषेत ते बोलतं तीच बंद केली होती. जगभर कृष्णधवललाच गंभीर छायाचित्रण म्हणायचे तेव्हा छायाचित्रकार रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी जन्मभर रंगात काम केलं आणि भारताकडे पाहायचं तर रंग वगळून चालणार नाही, ही भूमिका ठामपणे मांडली. या वाफ्यांसमोर उभं राहिल्यावर ती भूमिका मला अगदी जमिनीवरची वाटते.

त्याच्या जागी नवा नियम: व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी कॅमेऱ्यातली सोय) कायम डेलाइटवर, म्हणजे उन्हाच्या मापावर, आणि संगणकावर रंग चढवायचा नाही. ढगाळ दिवसाचा निळसरपणा जसा आहे तसा राहील. हिरवा आधीच इतका आहे, की वाढवायचा मोह होणारच. म्हणून तिथे कुंपण.

२१ जुलै, रविवार

संततधार. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलंय, बांध दिसेनासे झालेत. उभं राहायला जागाच नाही, म्हणून वडगावातल्या एका यंत्रमागवाल्या काकांकडे गेलो. त्यांचं भाताचं शेत याच शिवारात आहे. वडगावात शेती आणि माग एकाच घरात असणं नवीन नाही, म्हणून हे याच कामात धरतो.

आत उजेड फक्त छपरातल्या काचेच्या कौलांतून. एफ/८ सोडायचं नाही. आयएसओ ८०० पर्यंत नेला तरी शटर १/८ सेकंदावर आलं. खांबाला टेकून, श्वास रोखून घेतले. एफ/१.८ वर १/१६० मिळाला असता आणि धोटासुद्धा (आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा) निदान ओळखू आला असता. आठव्या हिश्श्यात यंत्रमाग थांबत नाही. फणी धुक्यासारखी येते, धोटा दिसतच नाही, त्याच्या वाटेवर नुसती एक फिकट रेघ. मग एका मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा तुटला. काकांनी तो माग थांबवला आणि वाकून दोरा बांधू लागले. आजूबाजूचे माग चालू. त्या फ्रेममध्ये काका आणि त्यांच्या बोटांतला दोरा एवढंच स्थिर आहे, बाकी सगळी खोली हलतेय. आवाजाने कान बधिर करणाऱ्या त्या जागेत दोरा बांधताना माणूस कसा एकटा होतो, ते त्या मंद शटरमुळे आलं. मोठं अ‍ॅपर्चर वापरलं असतं तर ते आलं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पाणी ओसरलं. कुजलेली रोपं काढून दुबार लागण चालू आहे. त्या लोकांच्या आसपास आज कॅमेरा काढला नाही.

विहिरींवरच्या पंपाच्या खोल्या टिपल्या. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे एकाच पद्धतीने टिपले. समोरून, मध्यभागी, सावली न पडणाऱ्या ढगाळ उजेडात. मग ते फोटो जाळीसारखे शेजारी-शेजारी मांडायचे. त्यांना सपाट आभाळाची वाट पाहावी लागायची. आम्हाला जुलै-ऑगस्टमध्ये ते रोजचंच.

नऊ मीटर, समोरून, दार मध्यभागी. एक खोली जांभ्या दगडाची, एक विटांची, एक नुसती पत्र्याची, एकीवर दोडक्याचा वेल चढलेला, एकीच्या भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं. मी काहीच बदलत नाही, म्हणून बांधणाऱ्याने काय बदललं ते दिसतं. कुणी दार पश्चिमेकडे ठेवलंच नाही, कारण पाऊस तिकडून येतो. हे इतकी वर्षं या रस्त्याने जाऊन मी पाहिलं नव्हतं.

१८ ऑगस्ट, रविवार

आता अक्षरांच्या नियमाबद्दल.

इथे एखाद्या फोटोत पाटी आली, की फोटो पाटीचा होतो. कुठल्या लिपीत आहे, कुठली वर आहे, कुठली पुसलीय, गावाचं नाव कसं लिहिलंय. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून आमच्याकडे ही नजर तयार झालेली आहे आणि ती उगीच नाही. माझ्या घरात, माझ्या आजोबांच्या बोलण्यात तो सीमाप्रश्न होता. माझ्याही मनात आहे. तो मांडणारे फोटो पुष्कळ आहेत, चांगले आहेत आणि लागतातच. पण या कामात मला भात दिसायला हवं आहे. फ्रेमच्या कोपऱ्यात मैलाचा दगड आला तर बघणारा आधी तो वाचणार आणि मग शेताला त्या वाचण्याचा पुरावा करणार.

नियम कागदावर सोपा वाटला होता. शेतात अक्षरं केवढी असतात ते आता कळतंय. खताची पोती, औषध फवारायचा पंप, टिलरचा बॉनेट, पोरांच्या टी-शर्टच्या पाठी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देवाचं नाव, बांधावर पालथी ठेवलेली रंगाची बादली. प्रत्येक वेळी फ्रेमच्या चारही कडा बघाव्या लागतात, आणि क्रॉप करायचं नसल्याने नंतर कापण्याची सोय नाही. या दोन नियमांनी मिळून माझ्या नजरेला कडांची सवय लावली. पूर्वी मी मध्यभाग बघायचो, कडा अल्बमवाला बघायचा.

आज एका आजोबांचा फोटो हवा होता. खांद्यावर युरियाचं रिकामं पोतं, पावसासाठी खोळ करून डोक्यावर घेतलेलं. अक्षरं मोठी, सरळ पाठीवर. पोतं उलटं करायला सांगणं मला पटत नाही. माणसाला फोटोसाठी बदलायला लावायचं तर मग कार्यालयच बरं. मी पलीकडच्या बांधाने वळसा घालून समोरून आलो. समोरून पोत्याची फक्त घडी दिसत होती, आणि तिच्या आत सुरकुतलेला, भिजलेला, काहीतरी पुटपुटणारा चेहरा. पाठीमागून तो मिळालाच नसता. घेऊन झाल्यावर त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, पाऊस कधी उघडणार म्हणून. मी मराठीत म्हटलं, चार दिवसांत. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. विसर्जनापर्यंत शिवार बंद, गल्लीचं काम.

२९ सप्टेंबर, रविवार

भात पोटरीतून बाहेर पडलंय, लोंब्या दिसतात. शिवारात काम थोडं आहे, म्हणून चिकटपट्टीबद्दल लिहितो.

स्क्रीन झाकल्याचा पहिला परिणाम फोटोवर न होता बोलण्यावर झाला. पूर्वी फ्रेम घेतली, की मान खाली जायची. समोरचा माणूस तेवढ्यात आपल्या कामाला लागायचा. आता मान वरच राहते, आणि तो काहीतरी बोलतो. पोटरी, फुलोरा, करपा कुठे पडतो, कुठल्या वाफ्यात पाणी थांबतं, यंदा कुठल्या बांधावरून वाद झाला, ही माझी सगळी माहिती त्या फ्रेमनंतरच्या अर्ध्या मिनिटांतली आहे. पोरं मात्र “दाखवा की” म्हणून मागे लागतात. त्यांना छापून देईन असं कबूल केलंय.

दुसरं, मेमरी कार्ड हल्ली पुढच्या शनिवारी उघडतो. लगेच बघितलं, की फोटोला दिवसाची मेहनत चिकटलेली असते. चिखलात घसरत जाऊन मिळालेला फोटो चांगलाच वाटतो. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड आपल्या फिल्म मुद्दाम उशिरा धुवायचे. घेतानाची भावना विसरल्याशिवाय निवड नीट होत नाही असं त्यांचं मत होतं. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. एवढं लांबवणं मला जमणार नाही आणि पटणारही नाही, कारण फोटोतल्या माणसांना ते बघायचे असतात. आठवडा मला पुरतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

परतीच्या पावसाने पिकलेलं भात झोपवलंय. उभं राहिलेलं सोनेरी, आडवं झालेलं मळकट तपकिरी. दोन रंगांची सीमा वाफ्याच्या मधोमध वाकडीतिकडी गेलीय. कृष्णधवल सोडल्याचं आज पुन्हा समाधान.

क्रॉपच्या नियमाला मात्र आज पहिल्यांदा खरा ताण आला. एक काकी आडवं झालेलं भात चार-चार चूड एकत्र घेऊन, त्यांच्याच पात्यांनी बांधून उभं करत होत्या. मी ज्या बांधावर होतो तिथून उजवीकडे वीजखांबाची तार फ्रेममध्ये घुसत होती. पुढे सरकायला जागा नाही, आणि पलीकडे जाईपर्यंत काकींचं काम संपलं असतं.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप न करण्याबद्दल कडक होते, फिल्मची काळी कड दिसेल असं छापायला लावायचे. पण त्यांचा सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक फोटो क्रॉप केलेला आहे: १९३२ मधला, पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून कॅमेरा लावला होता आणि लेन्सचा काही भाग फळीने अडला होता, म्हणून ती बाजू कापली. मला यात नियमभंग दिसत नाही. जागेनेच फट दिली होती, त्यांनी तेवढीच घेतली.

मी तार ठेवली. फोटो छापून बघितल्यावर ठरवेन, पण आत्ता वाटतंय की ती तार तिथे असणं खरं आहे. या शिवारात रिकामी सोनेरी शेतं फक्त कॅलेंडरवर असतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुगी आटपत आलीय. खळ्यांवर मळणी, कडेला गवतगंज्या. काही वाफ्यांत ओल धरून मसूर आणि वाटाणा पेरूनही झालाय.

निवडलेले फोटो सहा बाय नऊ इंचांत छापून आज वाटले. बांधावरच बसून पाहणं झालं. लागणीच्या वेळच्या मावशींना मी पाठमोऱ्या ओळीचा फोटो दिला. वाटलं होतं, चेहरा नाही म्हणून नाराज होतील. त्यांनी पाठींकडे बघितलंही नाही. बोट ठेवलं ते समोरच्या लावलेल्या ओळींवर: “ही माझी वळ. ही बघ, हिची कशी वाकडी गेलीया.” शेजारीण लगेच भांडायला उठली. मग सगळ्याच आपापल्या ओळी शोधू लागल्या. पाठमोऱ्या फोटोत कामाची ओळखपत्रं होती, आणि समोरच्या बांधावरून घेतला असता तर चेहऱ्यांपुढे त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नसतं.

पंपाच्या खोल्यांच्या जाळीवर पुरुष मंडळी बराच वेळ बसली. कुणाची कुठली ते सगळ्यांना माहीत. एका आजोबांनी दोन खोल्या दाखवून सांगितलं, की त्या एकाच गवंड्याने बांधल्यात, चौकटीच्या वरची विटांची कमान बघ. मला ती साम्यं छापून झाल्यावरही दिसली नव्हती.

तारेचा फोटो काकींनी मागून घेतला. तारेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं सुरू झाली. काल येळ्ळूरकडे एक होतं.

बारा फ्रेमचा नियम तिथे न्यायचा नाही, हे पक्कं. मुलीकडच्यांनी पैसे दिलेत ते प्रत्येक मामा-मावशी फोटोत येण्यासाठी, आणि ते रास्त आहे. पण हळदीचा तास फक्त ३५ वर केला. घरातल्या मधल्या खोलीत, उंबऱ्याशेजारी एकच जागा धरली. बायका येत गेल्या, हळद लावून सरकत गेल्या. झूम असता तर मी प्रत्येकीच्या मागे फिरलो असतो. एका जागी राहिल्यावर नवरीची आजी दिसली. ती हळद लावायला पुढे येत नव्हती, दाराआड उभी राहून पदराने हात पुसत होती, पुन्हा-पुन्हा. तिघी-चौघींनी ओढल्यावर आली. तिचं येणं चार फ्रेममध्ये आहे. अल्बममध्ये ते समोरासमोरच्या दोन पानांवर लावायला सांगणार आहे.

शिवारातलं पुढचं पीक मसूर-वाटाण्याचं. लेन्स तीच, बारा तेच, अक्षरांचा नियम तोच. एफ/८ सोडतोय, कारण गुडघ्याएवढ्या झुडपात मागचं सगळं स्वच्छ दिसलं तर शेंग हरवते, आता एफ/२.८ कायम. अंतर तीन मीटरच्या आत. फ्रेम फक्त उभ्या, म्हणजे राजहंसगड सहज मावणार नाही. या शिवारात डोळा हटकून तिकडे जातो, त्याला जरा अडवायचंय. वेळ सकाळची, दव वाळेपर्यंतच. वाटाण्याची तोडणी होईपर्यंत हे असं चालवून बघतो.